क्षयाच्या तपासणीत यंत्राची साक्ष



वसंतव्याख्यानमाला म्हटली की साहित्य, इतिहास, संतवाङ्मय हे विषय डोळ्यांपुढे येतात. अशा व्यासपीठावर थुंकीच्या डबीविषयी व्याख्यान ठेवावयाचे म्हणजे चालकांना थोडे धाडसच करावे लागले असणार. त्यांनी ते केले याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहो. आम्ही डॉक्टर नव्हे. आमची शाळा सातवीला सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते खाणीच्या फाटकावर, कामगार न्यायालयाच्या ओसरीवर आणि रात्री वाचनालयाच्या दिव्याखाली झाले. मग या विषयावर बोलण्याचा अधिकार कोणता, असे कोणी विचारील. तो इतकाच की, गेली तीस वर्षे सभासद आमच्याकडे कागद घेऊन येतात. पूर्वी ते बडतर्फीचे, पगाराचे, प्रॉव्हिडंट फंडाचे कागद असत. अलीकडे त्यांत प्रयोगशाळेचे अहवाल येऊ लागले आहेत. ते इंग्रजीत असतात, आणि माणसाची नोकरी, लग्न, घरातले ताट त्यांतल्या एका ओळीवर ठरते. म्हणून ती ओळ वाचावयास शिकणे आम्हांस भाग पडले.

ज्या सावनेरात २३ जानेवारी १९१९ रोजी गडकरी मास्तरांनी देह ठेवला, त्या गावात शब्दांविषयी बोलताना कोणाचीही जीभ चाचरावी. परंतु आजचे आमचे शब्द त्यांच्या शब्दांसारखे नाहीत. 'डिटेक्टेड', 'नॉट डिटेक्टेड', 'ट्रेस', 'इंडिटरमिनेट', 'एरर' असे हे पाच रुक्ष शब्द आहेत. त्या पाचांचा अर्थ लावणे एवढेच आज करावयाचे आहे.

थोडा मागचा इतिहास सांगितल्यावाचून हे शब्द कळणार नाहीत. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख याने जगापुढे मांडला तो २४ मार्च १८८२ रोजी. त्यानंतर पाचच वर्षांनी, फेब्रुवारी १८८७ मध्ये, आपल्या आनंदीबाई जोशी पुण्यास क्षयाने गेल्या. अमेरिकेत वैद्यकाची पदवी घेऊन आलेली ती एकवीस वर्षांची मुलगी. जंतू ठाऊक झाला होता, औषध नव्हते. औषध यावयास पुढे साठ वर्षे लागली. मग १९५९ साली मद्रासच्या केंद्राने दाखवून दिले की, घरी राहून नियमाने औषध घेणारा रोगी आरोग्यधामात खाटेवर पडून राहणाऱ्या रोग्याइतकाच बरा होतो. गरिबाच्या दृष्टीने हा शोध औषधाच्या शोधाइतकाच मोठा होता, असे आमचे मत आहे. कारण आरोग्यधामाची खाट आमच्या माणसाला कधी मिळणारच नव्हती. १९६२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पण निदानाचे साधन मात्र कॉखच्या काळातलेच राहिले: काचपट्टीवर बेडका पसरावयाचा, रंग चढवावयाचा आणि सूक्ष्मदर्शकातून तांबड्या काड्या शोधावयाच्या. हे साधन स्वस्त आहे आणि अजूनही उपयोगाचे आहे. पण एक मिलिलिटर बेडक्यात पाचदहा हजार जंतू असल्याखेरीज ते काचेवर दिसत नाहीत. त्याहून कमी जंतू असलेला माणूस 'निगेटिव्ह' म्हणून घरी जात असे.

त्यातून मध्यंतरी एक अनाचार बोकाळला होता, तोही सांगितला पाहिजे. रक्त काढून क्षयाचे निदान करण्याच्या चाचण्या देशभर विकल्या जात होत्या. त्या विश्वासार्ह नाहीत असे जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली बजावले आणि आपल्या सरकारने २०१२ च्या जून महिन्यात त्यांवर बंदी घातली. त्याच वर्षी मे महिन्यात क्षय हा सरकारला कळविणे बंधनकारक असलेला रोग ठरला. फुफ्फुसाच्या क्षयाचे निदान रक्त काढून झाले, असे कोणी आजही सांगत असेल तर त्याला तारीख विचारावी.

आता यंत्राकडे येऊ. डिसेंबर २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 'जीनएक्स्पर्ट' या यंत्राला मान्यता दिली. ज्या मोठ्या चाचणीवर ही मान्यता आधारली होती, तीत लिमा, बाकू, केपटाऊन, डर्बन यांच्या बरोबरीने आपली मुंबईही होती. तिथले काम हिंदुजा रुग्णालयात झाले. आपल्या सरकारी दवाखान्यांत या चाचणीला 'सीबीनॅट' म्हणतात. त्यातला 'सी' म्हणजे कार्ट्रिज. मराठीत त्याला काडतूस म्हणावे तर पोलीस यावयाचे, म्हणून आपण नळी म्हणू. दुसरे यंत्र 'ट्रूनॅट'. ते आपल्या शेजारी गोव्यातल्या मोल्बायो कंपनीचे आणि बंगळूरच्या बिगटेक प्रयोगशाळेच्या खटपटीतून तयार झालेले. २०२० साली त्यालाही जागतिक मान्यता मिळाली. ते बॅटरीवर चालते. लोडशेडिंग भोगलेल्या माणसाला या एका गुणाचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

ही यंत्रे करतात काय? सूक्ष्मदर्शक जंतू दाखवितो. ही यंत्रे जंतू दाखवीत नाहीत. जंतूच्या पोटात त्याच्या कुळाची जी खूण असते, ज्याला डीएनए म्हणतात, तिचा एक ठराविक तुकडा ती शोधतात. तुकडा इतका लहान की एकटा सापडणे शक्य नाही, म्हणून यंत्र त्याच्या प्रती काढते. आम्ही तरुण असताना संपाची पत्रके सायक्लोस्टाइलवर काढीत असू. तिथे एका स्टेन्सिलवर शेकडो पत्रके निघत, पण स्टेन्सिल एकच. इथे निघालेली प्रत्येक प्रत स्वतःच स्टेन्सिल होते. एकाचे दोन, दोनाचे चार. दहा फेऱ्यांत हजारावर, वीस फेऱ्यांत दहा लाखांवर. प्रती पुरेशा झाल्या की त्या चमकतात आणि यंत्राला दिसतात. मूळ नमुन्यात जंतू पुष्कळ असतील तर थोड्या फेऱ्यांत चमक येते. थोडे असतील तर पुष्कळ फेऱ्या लागतात. सोळापेक्षा कमी फेऱ्या लागल्या तर अहवालात 'हाय' येते, सोळा ते बावीस 'मीडियम', बावीस ते अठ्ठावीस 'लो', आणि त्यापुढे 'व्हेरी लो'.

येथे पहिला गैरसमज होतो. 'व्हेरी लो' वाचून माणूस म्हणतो, मला थोडासाच क्षय आहे, औषध थोडे दिवस घेतले तरी चालेल. तसे नाही. तो शब्द डबीतल्या जंतूंविषयी आहे, माणसाच्या आजाराविषयी नाही. 'हाय'वाल्याला जितके महिने औषध तितकेच 'व्हेरी लो'वाल्याला. त्याचप्रमाणे 'हाय' वाचून घरच्यांनी रडू नये. त्याचा एवढाच अर्थ की हा माणूस आज इतरांना जंतू देण्याची शक्यता जास्त आहे, म्हणून औषध आजच सुरू झाले पाहिजे.

अहवालाची दुसरी ओळ रिफॅम्पिसिनविषयी असते. क्षयाच्या औषधांतले हे मुख्य औषध. जंतूच्या ज्या जनुकावर ते घाव घालते त्यातला ८१ अक्षरांचा एक तुकडा यंत्र तपासते. त्यात बदल दिसला की 'रेझिस्टन्स डिटेक्टेड' असे छापून येते, म्हणजे हे औषध चालणार नाही. ही बातमी पूर्वी मिळावयास दोनदोन महिने लागत; आता यंत्र दोन तासांत देते. या सोयीची किंमत कमी लेखण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. नागपूरच्या आसपास अशी कुटुंबे आहेत की ज्यांत पहिला माणूस चुकीच्या औषधावर वर्षभर झिजला आणि त्याच्यामागून दुसऱ्याला तोच हट्टी जंतू लागला. ते आता टळू शकते.

इतके सांगून झाल्यावर मूळ मुद्दा. यंत्राला आम्ही साक्षीदार समजतो. न्यायालयात आम्ही पुष्कळ साक्षीदार पाहिले आहेत. चांगला साक्षीदार तो की जो जे पाहिले तेवढेच सांगतो. हे यंत्र त्या अर्थाने उत्तम साक्षीदार आहे. त्याला एकच प्रश्न विचारलेला असतो: या डबीत त्या कुळाची खूण होती काय? तो 'होय' किंवा 'नाही' सांगतो. पण तेवढ्यावरून फाटकावरचा बाबू ठरवितो की हा माणूस कामाला नालायक आहे. सासू ठरविते की सुनेला माहेरी पाठवावे. आणि खोकणारा माणूस ठरवितो की आपल्याला काही झालेले नाही. यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर साक्षीदाराने दिलेले नसते.

साक्ष किती खरी मानावी हे साक्षीदाराच्या प्रामाणिकपणावर अवलंबून असते, तसेच ती कोणत्या खटल्यात दिली त्यावरही असते. हे जरा अवघड आहे, म्हणून आकड्यांनी पाहू. जगभरचे अभ्यास एकत्र करून असे काढले आहे की, जुन्या एक्स्पर्ट नळीने शंभर खऱ्या क्षयरोग्यांपैकी सुमारे ८५ सापडतात आणि क्षय नसलेल्या शंभरांपैकी ९८ जणांना ती बरोबर 'नाही' म्हणते. काचपट्टीवर जंतू न दिसलेल्या रोग्यांत मात्र शंभरांत ६७ च सापडतात. आता पुढचे आकडे हिशोबासाठी धरलेले आहेत, सावनेरचे नव्हेत.

समजा, दोन आठवड्यांहून अधिक खोकणारे एक हजार लोक दवाखान्यात आले आणि त्यांतल्या शंभरांना खरोखर क्षय आहे. यंत्र त्यांतले ८५ पकडील. उरलेल्या नऊशे निरोग्यांत शेकडा दोन या हिशोबाने १८ जणांना ते चुकून 'होय' म्हणेल. एकूण होकार १०३, त्यांत खरे ८५. म्हणजे पाचांपैकी चार होकार खरे. औषध सुरू करावयास हे पुरेसे आहे.

आता तेच यंत्र फाटकावर न्या. खोकला नाही, ताप नाही, असे एक हजार धडधाकट कामगार एका रांगेत उभे करा. त्यांत क्षय असलेले तिघे आहेत असे धरू. यंत्र दोघांना किंवा तिघांना पकडील. आणि निरोगी ९९७ पैकी सुमारे वीस जणांना 'होय' म्हणेल. म्हणजे बावीसतेवीस होकारांत खरे दोनतीन! यंत्र तेच, नळी तीच, प्रामाणिकपणाही तोच, पण नऊ होकारांतला एकच खरा. म्हणून सरसकट तपासणी करावयाचीच झाली तर आधी लक्षणे विचारावी, छातीचा फोटो काढावा, आणि ज्याच्या बाबतीत संशय उरेल त्याचाच बेडका यंत्रात घालावा. डिसेंबर २०२४ पासून सरकारने जी शंभर दिवसांची मोहीम काढली तिच्यात हातात धरावयाची एक्स-रे यंत्रे गावोगाव नेली ती याच विचाराने. त्यात लक्षणे नसलेली माणसेही तपासावयाची होती, आणि ती तपासलीच पाहिजेत. कारण कित्येकांना खोकला नसतानाही आजार असतो. आमची तक्रार तपासणीविरुद्ध नाही. पहिल्याच होकाराला शिक्षा समजण्याविरुद्ध आहे.

उलट बाजूही पाहा. शंभर माणसे अशी घ्या की ज्यांना महिनाभर खोकला आहे, सायंकाळी ताप येतो, वजन उतरले आहे आणि फोटोत वरच्या भागात पोकळी दिसते आहे. त्यांतल्या सत्तरांना क्षय आहे असे समजू. यंत्र साठांना पकडील, दहा सुटतील. निरोगी तीस जवळजवळ सगळे 'नाही' येतील. म्हणजे चाळीस नकारांत दहा नकार खोटे, चारात एक. अशा माणसाला 'रिपोर्ट निगेटिव्ह आहे, जा घरी' असे सांगणे म्हणजे चौथ्याला खड्ड्यात ढकलणे आहे. त्याचा दुसरा नमुना घेतला पाहिजे, कल्चर लावले पाहिजे, आणि डॉक्टरांना खात्री वाटत असेल तर यंत्राच्या नकारानंतरही औषध सुरू करण्याचा त्यांना अधिकार आहे. नियमात तो आहे. पुष्कळ ठिकाणी तो वापरला जात नाही, कारण कागदावर छापलेल्या 'नाही'पुढे माणसाच्या कानाला लावलेल्या नळीची हिंमत होत नाही.

नकार खोटा ठरण्याचे सर्वांत साधे कारण यंत्रात नसतेच, ते डबीत असते. आमचा एक सभासद दुसऱ्या पाळीला पोचण्याच्या घाईत डबीत तोंडातली लाळ थुंकून मोकळा झाला. लाळेत जंतू कोठून येणार? अहवाल 'नॉट डिटेक्टेड'. तो कागद खिशात घालून तीन महिने खोकल्याची बाटली पीत फिरला. चौथ्या महिन्यात रक्त पडले तेव्हा दुसरा नमुना दिला, तो 'हाय' आला. तोपर्यंत घरातली सहा वर्षांची मुलगीही आजारी पडली होती. दोघेही बरे झाले. पण त्या मुलीची शाळेतली एक इयत्ता गेली. म्हणून बेडका कसा द्यावा हे ऐकून ठेवा. सकाळी, तोंड साध्या पाण्याने धुऊन, उघड्या हवेत, इतरांपासून दूर उभे राहून, दोनतीन वेळा खोल श्वास घ्यावा आणि छातीतून खाकरून जे घट्ट येईल ते डबीत टाकावे. पातळ, फेसाळ, पाण्यासारखे आले तर तसे सांगावे आणि पुन्हा प्रयत्न करावा. आमच्या भगिनींना दवाखान्याच्या आवारात चारचौघांदेखत खाकरण्याची लाज वाटते आणि त्यांची लाळच डबीत जाते. त्यांनी डबी घरी न्यावी. यात संकोच वाटण्याचे काही नाही.

आता खाणीकडे वळतो. सावनेर तालुक्यात कोळशाच्या भूमिगत खाणी आहेत, शेजारी खापरखेड्याचे आणि कोराडीचे वीजकेंद्र आहे, गावात सरकीची आणि कापसाची धूळ आहे. दगडात भोके पाडणाऱ्याच्या छातीत सिलिकाची धूळ बसते. ती दोन प्रकारे घात करते. एक तर फुफ्फुसाची झुंजण्याची शक्ती मारते, आणि अशा माणसाला क्षय होण्याचा धोका इतरांच्या कितीतरी पट असतो. दुसरे म्हणजे, फोटोत तिचे डाग दिसतात ते क्षयाच्या डागांसारखेच भासतात. पूर्वी असा फोटो पाहून एक डॉक्टर 'क्षय' म्हणे, दुसरा 'धूळ' म्हणे आणि नुकसानभरपाई कोणी द्यावयाची यावर तिसरा वकील बोले. यंत्राने येथे मोठीच मदत केली आहे. खूण सापडली तर क्षय आहे. पण खूण सापडली नाही म्हणून धुळीचा आजार नाही असे सिद्ध होत नाही, आणि क्षय सापडला म्हणून धुळीचा आजार नाही असेही सिद्ध होत नाही. दोन्ही एकाच छातीत सुखाने नांदतात. यंत्राचा होकार दाखवून धुळीच्या आजाराची भरपाई नाकारली गेल्याची प्रकरणे आम्ही हाताळली आहेत. साक्षीदाराला धुळीविषयी कोणी विचारलेच नव्हते! प्रसंगवशात सांगतो: खाणकामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणारी एक राष्ट्रीय संस्था नागपुरास होती. २०१९ साली ती अहमदाबादच्या संस्थेत विलीन करण्याचा निर्णय झाला. खाणी विदर्भात आणि संस्थेचा कारभार गुजरातेत, यात शहाणपण किती ते सरकारच जाणे. असो.

धुळीने जर्जर झालेल्या छातीत क्षयाच्या जंतूंचे चुलतभाऊही वस्ती करतात. ते काचपट्टीवर तसेच तांबडे दिसतात, पण त्यांची कुळाची खूण निराळी. म्हणून काचपट्टी 'होय' म्हणते आणि यंत्र 'नाही' म्हणते असा घोटाळा झाला तर दोघांपैकी एकाला खोटारडा ठरवू नये; कदाचित दोघेही खरे बोलत असतील. पुन्हा नमुना घेऊन कल्चर लावणे हाच मार्ग.

आता 'ट्रेस'. या शब्दाने जितके नुकसान केले तितके बाकीच्या चारांनी मिळून केले नसेल. २०१७ साली 'अल्ट्रा' नावाची नवी नळी आली. जुनी नळी एका मिलिलिटरमध्ये शंभराच्या वर जंतू असले तर ओळखी. ही सोळा असले तरी ओळखते. कारण ती जंतूच्या अंगावरच्या अशा खुणाही शोधते की ज्या एकाच जंतूत अनेकदा असतात. रिफॅम्पिसिनची खूण मात्र जंतूत एकदाच असते. म्हणून जंतू फारच थोडे असले की कुळ ओळखू येते, पण औषधाविषयी काही सांगता येत नाही. अशा वेळी अहवाल येतो: 'ट्रेस', आणि पुढे 'इंडिटरमिनेट', म्हणजे अनिर्णित. 'इंडिटरमिनेट'चा अर्थ औषध चालत नाही असा नव्हे. साक्षीदार म्हणतो आहे की मला तेवढे दिसले नाही.

डोळा तीक्ष्ण झाला की त्याला मढेही दिसू लागते. औषधाने जंतू मरतो, पण त्याचा सांगाडा छातीत काही काळ राहतो आणि खाकरताना बाहेर पडतो. यंत्राला जिवंत आणि मेलेला यांतला फरक कळत नाही. म्हणून दोन गोष्टी ठरलेल्या आहेत. औषध चालू असताना रोगी सुधारतो की नाही हे पाहण्यासाठी हे यंत्र वापरावयाचे नाही. त्याला काचपट्टी आणि कल्चर. आणि ज्याला मागील पाच वर्षांत क्षय होऊन गेला आहे त्याचा 'ट्रेस' एकट्याने ग्राह्य धरावयाचा नाही. लक्षणे, फोटो, कल्चर यांच्या जोडीने विचार करावयाचा. ज्याला पूर्वी क्षय झालेला नाही, किंवा जो लहान मूल आहे, किंवा ज्याला एचआयव्हीची बाधा आहे, त्याचा 'ट्रेस' मात्र होकारच समजावयाचा.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. एक ठेकेदारी कामगार, कोळसा भरण्याच्या कामावरचा, सहा महिन्यांचे औषध पुरे करून बरा झाला होता. दीड वर्षाने ठेका बदलला. नव्या ठेकेदाराने सर्वांची तपासणी मागितली. याचा अहवाल 'ट्रेस' आला. मुनिमाने तो वाचला की नाही देव जाणे, पण 'डिटेक्टेड' एवढे त्याला दिसले. माणूस फाटकाबाहेर. आमच्या कार्यालयात येऊन तो म्हणाला, "भाऊ, डॉक्टर म्हणते मी बरा हावो, मशीन म्हणते टीबी हाये. मी आता कोणाचं आयकू?" खोकला नव्हता, वजन नऊ किलोंनी वाढले होते, फोटोत जुना व्रण होता तसाच होता. डॉक्टर समंजस निघाले. त्यांनी पुन्हा औषध न लादता कल्चर लावले. कल्चरमध्ये जिवंत जंतूच वाढतो, मेलेला वाढत नाही. पण त्याला बेचाळीस दिवसांपर्यंत वाट पाहावी लागते. बेचाळीस दिवसांनी उत्तर आले: काहीही वाढले नाही. तो कामावर गेला. सहा आठवड्यांची मजुरी मात्र बुडाली, ती बुडालीच. यंत्राचा यात काडीचा दोष नाही, हे पुन्हा सांगतो.

बरे, तो खरोखरच रोगी असता तरी त्याला काढून टाकण्याचे कारण काय? परिणामकारक औषध सुरू झाले की दुसऱ्याला जंतू देण्याची शक्ती झपाट्याने ओसरते. साधारण दोन आठवड्यांनंतर भीतीचे कारण फारसे उरत नाही. माणसाला अंगात बळ येईपर्यंत रजा हवी, बरे झाल्यावर तेच काम हवे. ज्यांना कामगार राज्य विम्याचे संरक्षण आहे त्यांना दीर्घ आजारासाठी वाढीव लाभ मिळतो, पगाराच्या शेकडा ८० आणि दोन वर्षांपर्यंत. त्या आजारांच्या यादीत क्षय आहे. तो मागावा लागतो. ठेकेदाराच्या माणसाचा हप्ता भरलेलाच नसतो, हा मग निराळा लढा. रोग्याच्या आहारासाठी सरकारकडून २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये मिळत, ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले आहेत; पैसे बँकेच्या खात्यात येतात, म्हणून खाते चालू आहे की नाही ते आधी पाहावे.

रिफॅम्पिसिनच्या ओळीविषयी थोडे राहिले. २०१४ ते २०१६ या काळात देशभर पाहणी झाली. तिच्यात नव्या रोग्यांपैकी शेकडा २.८४ आणि पूर्वी औषध घेतलेल्यांपैकी शेकडा ११.६ लोकांत बहुऔषधांना न जुमानणारा जंतू सापडला. यंत्र या बाबतीत शंभरांत ९८ वेळा खरे बोलते असे धरले, तरी एक हजार नव्या रोग्यांत २८ खरे हट्टी जंतू आणि वर जवळजवळ १९ खोट्या धोक्याच्या घंटा. म्हणजे पाचांत दोन घंटा खोट्या. पूर्वी औषध घेतलेल्यांत मात्र सातांत एखादीच खोटी. म्हणून ज्याने कधी औषध घेतले नाही, ज्याच्या घरात असा रोगी नाही, त्याला 'रेझिस्टन्स डिटेक्टेड' आले तर दुसरा ताजा नमुना देऊन चाचणी पुन्हा करून मागावी. पहिल्या डबीतले उरलेले पुन्हा घालून नव्हे. तोपर्यंत उपचार थांबवू नयेत. काय द्यावयाचे ते डॉक्टर ठरवितील.

आणि 'नॉट डिटेक्टेड' आले म्हणजे सगळी औषधे चालतील असेही समजू नये. साध्या नळीला आयसोनियाझिडविषयी काहीच विचारलेले नसते. त्याच पाहणीत नव्या रोग्यांपैकी शेकडा ११ आणि जुन्यांपैकी शेकडा २५ लोकांत या औषधाला न जुमानणारा जंतू होता. त्याची निराळी तपासणी नागपूरच्या मोठ्या प्रयोगशाळेत होते. ती झाली का, एवढे विचारावयास पदवी लागत नाही. 'एरर' किंवा 'इनव्हॅलिड' हा तर होकारही नव्हे आणि नकारही नव्हे. साक्षीदार न्यायालयात पोचलाच नाही. नवी डबी द्यावयाची.

हे सगळे ऐकून कोणी म्हणेल, मग जुनी काचपट्टीच बरी नव्हती काय? मुळीच नाही. शंभरांत पन्नाससाठ पकडणाऱ्या साधनापेक्षा पंच्याऐंशी पकडणारे साधन आम्हांस हवे, आणि ते प्रत्येक तालुक्यात हवे, नळ्यांचा साठा न संपता हवे. यंत्र आहे पण नळी नाही, नळी आहे पण ते चालविणारा मुलगा कंत्राटावर आणि त्याचा पगार तीन महिने थकलेला, हे चित्र आम्ही कित्येक ठिकाणी पाहिले आहे. दोन तासांचा अहवाल मग पंधरा दिवसांनी हातात पडतो. आमच्या संघटनेत या मुलांना घ्यावे असा ठराव आम्ही मांडला आहे.

शेवटी घरच्या माणसांविषयी. एकाचा अहवाल होकारी आला की घरातल्या सर्वांची तपासणी करून घ्यावी. ज्यांना आजार नाही त्यांनाही प्रतिबंधक औषध देण्याची सोय कार्यक्रमात आहे आणि ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. ते घेण्यापूर्वी आजार नाही याची खात्री करावी लागते, म्हणून मुलांना बरोबर न्यावे. लहान मुलाला बेडका काढता येत नाही. त्याच्या पोटातले पाणी नळीने घेऊन तेच यंत्रात घालतात. ते सकाळी उपाशीपोटी घ्यावयाचे असते, तेव्हा मुलाला घरून दूध पाजून नेऊ नये.